कॅमशाफ्ट बदलल्यानंतर पुशरॉडची योग्य लांबी कशी ठरवावी

पिकाला पाण्याची पाळी ज्या दिवशी हवी असते, नेमके त्याच दिवशी विहिरीवरचे इंजिन रुसून बसावे, हा अनुभव बहुतेक बागायतदारांनी केव्हा ना केव्हा घेतलेला असतो. गव्हाला पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती उणीव भरून निघत नाही. म्हणून इंजिनाची दुरुस्ती हा केवळ मिस्त्रीचा विषय नसून तो पिकाचाही विषय आहे.

वीज आणि सौरपंप यांचा प्रसार झालेला असला तरी ओढ्याकाठी, नदीकाठी व तारा न पोचलेल्या शिवारांत डिझेल इंजिन आजही उपयोगी पडते. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची यंत्रे आपल्याकडे गावोगावी पोचली. त्याचप्रमाणे इंग्लंडातील लिस्टर कंपनीच्या धर्तीवर राजकोट येथील कारखान्यांनी बनविलेली, मिनिटाला ६५० फेरे घेणारी संथ इंजिनेही पुष्कळ ठिकाणी दिसतात. या सर्व यंत्रांत झडपा उघडण्याचे काम पुशरॉडकडूनच होते. अनेक वर्षे चाललेल्या अशा इंजिनाची कॅमशाफ्ट झिजली म्हणजे ती बदलावी लागते अथवा घासून पुन्हा आकारात आणावी लागते. त्यानंतर जुनीच पुशरॉड चालेल काय, आणि चालणार नसेल तर नवी किती लांबीची घ्यावी, हा प्रश्न या पाठात सोडवावयाचा आहे.

झडपेची साखळी

प्रथम भागांची ओळख करून घेऊ. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. त्यांना कॅम म्हणतात. कॅमचा जो भाग गोल व सपाट चालीचा असतो, त्याला आधारवर्तुळ म्हणू. आणि जो पुढे आलेला असतो, त्याला कॅमचे नाक म्हणू. कॅमवर टॅपेट टेकलेला असतो, टॅपेटवर पुशरॉड उभी असते, पुशरॉडच्या डोक्यावर रॉकरचे एक टोक असते आणि रॉकरचे दुसरे टोक झडपेच्या दांड्यावर येते. कॅमचे नाक वर आले की पुशरॉड वर जाते, रॉकर ढेंकाळ्याप्रमाणे झुकतो आणि झडप खाली दाबली जाऊन उघडते. नाक सरकून गेले की स्प्रिंग झडपेला मिटवते.

आधारवर्तुळ टॅपेटखाली असताना रॉकर आणि झडप यांच्यामध्ये थोडी फट राहिली पाहिजे. तापल्यावर धातू वाढतो. त्या वाढीसाठी ही जागा ठेवलेली असते. ती किती असावी, हे त्या त्या इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते, आणि सेवन व उत्सर्जन या दोन झडपांसाठी ती वेगळी असू शकते. फट नाहीशी झाली तर झडप पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो, इंजिन सुरू होण्यास त्रास देते आणि उत्सर्जनाची झडप जळते. फट जास्त झाली तर टकटक असा आवाज येतो, झडप उशिरा व कमी उघडते, हवा अपुरी पडून काळा धूर निघू लागतो आणि सर्व भागांवर हातोड्यासारखे घाव बसतात. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक झडप तासाला ४५,००० वेळा उघडते. इतके घाव रोज बसले म्हणजे काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

लांबी का बदलते ?

पुष्कळांची अशी समजूत असते की, कॅमचे नाक उंच झाले म्हणजे पुशरॉड आखूड करावी लागते. ही समजूत चुकीची आहे. पुशरॉडची लांबी झडप मिटलेली असताना ठरते, आणि त्या वेळी टॅपेटखाली नाक नसून आधारवर्तुळ असते. म्हणून पाहावयाचे ते आधारवर्तुळ. कॅम घासून पुन्हा आकारात आणताना हे वर्तुळ लहान होते. ते लहान झाले की टॅपेट खाली बसतो आणि पुशरॉड तेवढी लांब लागते. मात्र व्यासातील फरकाच्या निम्माच फरक येथे धरावयाचा असतो. कारण टॅपेट वर्तुळाच्या एकाच बाजूवर टेकतो.

लांबीवर परिणाम करणाऱ्या आणखी तीन गोष्टी आहेत. हेड घासून सपाट केले असेल तर ते तेवढे खाली येते व पुशरॉड आखूड लागते. गॅस्केट पूर्वीपेक्षा जाड बसविले असेल तर हेड वर जाते व पुशरॉड लांब लागते. झडपेची बैठक खोल कापली असेल तर झडपेचा दांडा वर येतो, रॉकरचे दुसरे टोक खाली झुकते आणि पुशरॉड आखूड लागते.

एक हिशेब करून पाहू. समजा, जुन्या कॅमच्या आधारवर्तुळाचा व्यास ३२.० मिलिमीटर आणि घासलेल्या कॅमचा ३०.४ मिलिमीटर आहे. फरक १.६, त्याचा निम्मा ०.८. म्हणजे पुशरॉड ०.८ मिलिमीटर लांब हवी. पण हेड ०.३ मिलिमीटर घासले आहे. ते वजा केले, उरले ०.५. झडपेचा दांडा ०.३ मिलिमीटर वर आला आहे. रॉकरची झडपेकडील बाजू पुशरॉडकडील बाजूच्या १.२ पट लांब असेल तर पुशरॉडकडे हा फरक ०.३ भागिले १.२, म्हणजे ०.२५ होतो. तोही वजा करता शेवटी ०.२५ मिलिमीटर एवढीच लांबी वाढवावयाची उरते. रॉकरच्या स्क्रूच्या आट्यांचे अंतर १ मिलिमीटर असेल तर स्क्रू पाव फेरा फिरविल्याने हे काम होते. नवी पुशरॉड विकत घेण्याचे कारणच उरत नाही.

आता याच इंजिनात हेड घासलेले नाही, बैठक कापलेली नाही, उलट गॅस्केट ०.४ मिलिमीटर जाड बसविले आहे, असे समजा. मग ०.८ अधिक ०.४ मिळून १.२ मिलिमीटर लांबी वाढवावी लागेल. कॅमशाफ्ट तीच, पण उत्तर निराळे. म्हणून शेजाऱ्याच्या इंजिनाला बसली ती पुशरॉड आपल्याला बसेलच, असे मानू नये. प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे मोजावे.

स्क्रू असताना लांबीची चिंता कशाला ?

रॉकरवरील स्क्रू फिरवून फट जुळविता येते हे खरे. परंतु स्क्रूलाही मर्यादा आहे. पुशरॉड फार आखूड असेल तर स्क्रू बराच बाहेर काढावा लागतो. मग त्याचे थोडेच आटे रॉकरमध्ये धरून राहतात, स्क्रू वाकतो, आणि एखाद्या वेळी पुशरॉड जागेवरून निसटते. पुशरॉड फार लांब असेल तर स्क्रू अखेरपर्यंत आत गेला तरी फट मिळत नाही. काही यंत्रांत स्क्रूमधून तेलाची वाट असते, तीही बंद पडू शकते. फट बरोबर जुळलेली असताना स्क्रू आपल्या पल्ल्याच्या साधारण मध्यावर असावा. तीच पुशरॉडची योग्य लांबी समजावी.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पंपाच्या इंजिनांत रॉकर सामान्यतः एका पक्क्या दांड्यावर बसविलेले असतात. त्यामुळे रॉकरचे टोक झडपेवर मध्यभागी टेकते की कडेला, हे पुशरॉडच्या लांबीवर अवलंबून नसते; ते रॉकरच्या आधाराच्या उंचीवर अवलंबून असते. टोक कडेला घासत असेल तर झडपेची गाईड झिजते. तो दोष आधाराखाली योग्य जाडीची पट्टी घालून किंवा काढून दूर करावयाचा, पुशरॉड बदलून नव्हे. म्हणून आधी आधाराची उंची, नंतर पुशरॉडची लांबी, हा क्रम कधीही मोडू नये.

प्रत्यक्ष मापनाची रीत

पहिली पायरी. हेड, गॅस्केट व झडपा यांचे सर्व काम पुरे करावे आणि हेडचे नट पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने व ताकदीने आवळावेत. अर्धवट आवळलेल्या हेडवर घेतलेले माप व्यर्थ होय. नव्या कॅमशाफ्टबरोबर टॅपेटही नवे बसवावेत; झिजलेला टॅपेट नवी कॅम थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो.

दुसरी पायरी. डिझेलचा पुरवठा बंद करून दाब सोडण्याचा खटका उघडावा आणि फ्लायव्हील हाताने, इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, सावकाश फिरवावे. जी झडप मोजावयाची ती पूर्ण उघडलेली दिसली की फ्लायव्हीलला आणखी एक पूर्ण फेरा द्यावा. या एका फेऱ्यात कॅमशाफ्ट अर्धा फेरा फिरते आणि टॅपेट आधारवर्तुळाच्या मध्यावर येतो. खूण नसलेल्या यंत्रातही ही रीत चुकत नाही. मोजण्यापूर्वी खटका पुन्हा मिटवावा. कारण पुष्कळ यंत्रांत तो झडपेलाच उचलून धरतो.

तिसरी पायरी. झडपेच्या डोक्यावर काजळी व तेल यांचा पातळ लेप द्यावा आणि फ्लायव्हील काही फेरे फिरवून रॉकरने पुसलेला पट्टा पाहावा. पट्टा अरुंद व मध्यभागी असेल तर पुढे जावे; नसेल तर आधाराची उंची आधी जुळवावी.

चौथी पायरी. मापाची पुशरॉड तयार करावी. त्यासाठी एक जुनी, निकामी पण सरळ पुशरॉड मधोमध कापून फिटरकडून तिला आटे पाडून घ्यावेत आणि मध्ये लांबी कमीजास्त करता येईल असा जोड व लॉकनट बसवावा. ही दांडी केवळ मापासाठी आहे. तिच्यावर इंजिन कदापि चालवू नये.

पाचवी पायरी. रॉकरचा स्क्रू मध्यावर ठेवावा. पुस्तिकेतील फटीच्या जाडीची फीलर गेजची पट्टी झडप व रॉकर यांच्यामध्ये घालावी. मग मापाची दांडी हळूहळू लांबवावी. पट्टी ओढताना किंचित अडखळू लागली की थांबून लॉकनट आवळावा व दांडी काढून व्हर्निअरने मोजावी. नव्या पुशरॉडची वाटी जुनीइतकीच खोल आहे ना, हेही पाहावे. वाटीची खोली निराळी असेल तर दोन्ही वाट्यांत एकाच मापाची पोलादी गोळी ठेवून गोळीच्या माथ्यापासून मोजावे.

सहावी पायरी. सेवन व उत्सर्जन या दोन्ही झडपांसाठी वेगवेगळे माप घ्यावे आणि काढलेल्या पुशरॉड ज्या त्या जागीच परत बसवाव्यात. प्रत्येक पुशरॉड काचेवर लोळवून ती सरळ असल्याची खात्री करावी.

चालविण्यापूर्वीची परीक्षा

डिझेल इंजिनात पिस्टन व झडपा यांच्यामध्ये जागा फार थोडी असते. म्हणून सर्व बसवून झाल्यावर फ्लायव्हील हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावे. कोठेही अडले तर जोर लावू नये. थांबून कारण शोधावे. झडप पूर्ण उघडली असता स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटता कामा नयेत. पुष्कळ यंत्रांत डिझेलचा पंपही त्याच कॅमशाफ्टवर चालतो. तेव्हा दातेरी चाकांच्या खुणा जुळल्या आहेत आणि डिझेल फवारण्याची वेळ बरोबर आहे, हे अवश्य तपासावे.

कॅम, टॅपेट व पुशरॉडची टोके यांना तेल लावून इंजिन प्रथम हलक्या भारावर चालवावे. काही तासांनी ते पूर्ण थंड होऊ द्यावे, हेडचे नट पुस्तिकेप्रमाणे पुन्हा पाहावेत आणि फट पुन्हा जुळवावी.

टाळावयाच्या चुका

पुशरॉड आखूड पडली म्हणून वाटीत पत्र्याची चकती घालणे, टोकावर वेल्डिंगचा थर चढविणे, किंवा लांब झाली म्हणून टोक घासणे, हे प्रकार अनेक ठिकाणी पाहावयास मिळतात. पुशरॉडची टोके कठीण केलेली असतात. ती घासल्याने अथवा तापविल्याने मऊ पडतात व लवकर झिजतात. चकती निसटून तेलात पडली तर त्याहून मोठे नुकसान होते. चार पैसे वाचविण्याच्या नादात ऐन हंगामात इंजिन उभे राहते.

दुसरी चूक म्हणजे जास्त शक्ती मिळेल या आशेने उंच नाकाची कॅमशाफ्ट बसविणे. पंपाचे इंजिन गव्हर्नरच्या ताब्यात ठरावीक वेगाने चालते आणि त्याची शक्ती डिझेलच्या पुरवठ्यावर बांधलेली असते. उंच कॅमचा लाभ मुख्यतः जलद फिरणाऱ्या यंत्रांना होतो. विहिरीवरच्या इंजिनाला मूळ मापाची कॅमशाफ्टच हितकारक होय.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम स्वतः करावे अशी अपेक्षा नाही. परंतु दुरुस्तीला गेलेल्या इंजिनाविषयी शेतकऱ्याने मिस्त्रीला काय विचारावे, हे त्यांनी अवश्य शिकवावे. आधारवर्तुळाचा जुना व नवा व्यास किती ? हेड किती घासले ? गॅस्केट किती जाड ? टॅपेट नवे बसविले काय ? फट जुळविल्यावर स्क्रू मध्यावर आहे काय ? ही पाच उत्तरे तारखेसह वहीत लिहून ठेवावीत. पुढील दुरुस्तीच्या वेळी ती वही मार्गदर्शक ठरेल.

दुरुस्तीची वेळही विचारपूर्वक निवडावी. पावसाळ्यात इंजिन रिकामे असते, तेव्हाच ते उघडून पाहावे. रब्बीची पहिली पाळी द्यावयाची तेव्हा यंत्र तयार असले, तर शेतकऱ्याची निम्मी काळजी तेथेच दूर होते.