थंडीच्या दिवसांत घरातील ऊब : कमी खर्चाचे उपाय आणि एक धोका

परभणी जिल्ह्याचे नाव दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांत हमखास झळकते, ते थंडीमुळे. परभणीच्या कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२, सन २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) तापमानाच्या नोंदी ठेवल्या जातात. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तेथे पारा ३ अंशांच्या आसपास उतरला होता. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच. आपला परभणी-पूर्णा भाग जेमतेम ४०० मीटर. तरीही पहाटेची थंडी अनेकदा आपल्याकडेच अधिक असते. असे का व्हावे?

समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, ही याची मुख्य कारणे होत. दिवसभर जमिनीने घेतलेली उष्णता रात्री आकाशाकडे निघून जाते. ढग असते तर त्यांनी ती पांघरुणाप्रमाणे अडविली असती. त्यात उत्तरेकडील कोरडे वारे सुटले की पारा झपाट्याने खाली येतो. थंड हवा जड असल्याने ती सखल भागात साचते. म्हणून नदीकाठच्या वस्त्यांना हीव अधिक जाणवते. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच दिवशी दुपारी अंगावर स्वेटर नकोसा होतो. आपली थंडी ही रात्रीच्या काही तासांची थंडी आहे. तिच्यासाठी घर तापविण्याची गरज नाही. अंगची ऊब सकाळपर्यंत टिकविली म्हणजे पुरे.

या विषयावर विनयपिटकातील महावग्गात एक बोलका प्रसंग आहे. चीवरांची गाठोडी डोक्या-खांद्यावर वाहून नेणारे भिक्खू तथागतांना दिसले. भिक्खूला किती वस्त्रे पुरेशी आहेत, हा प्रश्न त्यांनी उपदेशाने नव्हे तर अनुभवाने सोडविला. वेसालीच्या गोतमक चेतियाजवळ, कडाक्याच्या थंडीत ते रात्री उघड्यावर एकच चीवर पांघरून बसले. पहिला प्रहर सरताना थंडी वाजली तेव्हा दुसरे चीवर घेतले, मधला प्रहर सरताना तिसरे, आणि पहाटे चौथे. त्यानंतर त्यांनी तीन चीवरांची मर्यादा घालून दिली. पण त्यांतील संघाटी दुपदरी सांगितली. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा : एकेरी दोन आणि दुपदरी एक, म्हणजे पदर चारच झाले! ओझे कमी झाले, ऊब तीच राहिली.

यामागील शास्त्र सोपे आहे. गोधडी स्वतः गरम नसते. झोपलेला प्रौढ माणूस साधारण ७० ते ८० वॅट उष्णता सतत बाहेर टाकीत असतो, म्हणजे जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याहून थोडी अधिकच. ही फुकटची शेगडी प्रत्येकाजवळ आहे. कापडाच्या पदरांमध्ये अडकलेली स्थिर हवा ती उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ, सैल कपडे एकावर एक घातलेले बरे. आपल्या आया-आज्या जुनी लुगडी, धोतरे पदरावर पदर ठेवून वाकळ शिवीत, ती याच तत्त्वावर. बाजारातल्या चकचकीत ब्लँकेटपुढे वाकळ पांघरायला लाज वाटणाऱ्या तरुणांनी हे समजून घ्यावे. सर्वांत वर घट्ट विणीचे कापड असावे म्हणजे वारा आत शिरत नाही. कानटोपी आणि पायमोजे यांना खर्च थोडा, उपयोग मोठा.

पांघरुणाकडे सारे लक्ष देतात, अंथरुणाकडे कोणी देत नाही. फरशीवर किंवा कोब्यावर नुसती सतरंजी टाकून वर दोन ब्लँकेट घेतली, तरी पाठीची उष्णता जमीन ओढून घेते. जेवढे वर तेवढेच खाली असले पाहिजे. धुऊन वाळविलेली बारदानाची पोती दुहेरी-तिहेरी घालून, त्यांवर जुन्या वर्तमानपत्रांचा जाड थर, मग सतरंजी आणि वर वाकळ, असे अंथरूण जवळजवळ फुकटात होते. बाजेवर झोपणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण बाजेखालून वारा खेळतो. अंथरूण-पांघरूण रोज दुपारी उन्हात टाकावे. रात्रभराच्या घामाने व दवाने दमट झालेला कापूस बसतो आणि ऊब धरीत नाही.

आता घराविषयी. माळवदाची जुनी घरे थंडीत उबदार असत, कारण मातीचे जाड छप्पर दिवसाची उष्णता रात्री सावकाश सोडते. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच जड माळवदांखाली व दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली, हे मराठवाडा विसरलेला नाही. त्यामुळे जुने तेच चांगले असे म्हणवत नाही. आज गोरगरिबांच्या वस्तीत पत्रा आला आहे. पत्रा दिवसा तापतो आणि रात्री तितक्याच लवकर गार पडतो. त्याच्याखाली हातभर अंतर सोडून पोती शिवून केलेले किंवा जुन्या साड्यांचे छत ताणून बांधले, तर मधली हवा आडोसा करते. चूल मात्र या छताखाली नसावी, आगीचे भय असते. पत्रा आणि भिंत यांमधल्या फटी, दाराखालची फट चिंध्या कोंबून बुजवावी. परंतु वरची एक झरोक्याएवढी जागा उघडी ठेवावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. म्हणून दक्षिणेचे दार-खिडकी अकरापासून उघडी ठेवून ऊन आत घ्यावे व दिवस मावळण्यापूर्वी बंद करावी.

एवढे करूनही म्हाताऱ्या माणसांचे पाय गारच राहतात. त्यांच्यासाठी गरम पाण्याची पिशवी, ती नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली पायमोज्यात घालून पायाशी ठेवावी. दोन लिटर पाणी ६० अंशांवरून ३० अंशांवर येईपर्यंत सुमारे २५० किलोज्यूल उष्णता देते. हजार वॅटचा हीटर चार मिनिटांहून थोडा अधिक चालविला तर एवढीच उष्णता मिळते. तोच हीटर आठ तास चालला तर आठ युनिट वीज जळते! फरक असा की हीटर सारी खोली तापवितो, तर बाटली पांघरुणाच्या आत तापविते. बाटली उघड्या कातडीला लागू देऊ नये. लकवा झालेल्या किंवा मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला चटका बसल्याचे कळत नाही.

आहाराचे म्हणाल तर रात्री उपाशी झोपू नये, इतके पुरे. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असते, म्हणून भोगी-संक्रांतीला तीळ-बाजरी खाण्याची चाल हवामानाला धरून आहे. दारूने ऊब येते हा मात्र भ्रम आहे. पंचशीलाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी, दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात व शरीरातील उष्णता बाहेर निघून जाते. माणसाला गरम वाटते आणि तो प्रत्यक्षात थंड पडत असतो.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ मोठे, म्हणून ते फार लवकर गार पडते, आणि कमी वजनाच्या बाळाच्या ते जिवावर बेतू शकते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची देखभाल केली. त्यात जंतुसंसर्गावरील औषधोपचाराबरोबर बाळाला टोपरे, गुंडाळण्याचे कापड व उबदार पिशवी देऊन गारठ्यापासून जपणे, हाही एक भाग होता. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांत नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. घरी करण्यासारखा सर्वांत सोपा उपाय म्हणजे बाळाला टोपरे घालून, उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरावे आणि वरून दोघांना मिळून पांघरूण घालावे. जन्मल्याबरोबर बाळाला अंघोळ घालण्याची घाई करू नये. कोरडे पुसून घ्यावे.

याच ठिकाणी आपल्याकडची एक जुनी चाल आड येते. बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या लावून घ्यायची आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची. इतर घरांतही कडाका वाढला की पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या किंवा कोळसा बाहेर पेटवून, धूर गेला की निखारे घमेल्यात घेऊन खोलीत ठेवले जातात. धूर नाही म्हणजे धोका नाही, अशी समजूत असते. ही समजूत जीवघेणी आहे. लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने खोकलाही येत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी या वायूला घट्ट धरते. झोपलेल्या माणसाला आधी गुंगी येते, त्यामुळे उठून दार उघडण्याची शुद्धच राहत नाही. जितकी खोली बंद, तितका धोका मोठा. म्हणजे ऊब राखण्यासाठी आपण फटी बुजवितो, त्याच शेगडी असताना घात करतात. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खूंच्या जंताघराला, म्हणजे शेकण्याच्या खोलीला, धूर बाहेर जाण्यासाठी धूमनेत्ताची, म्हणजे धुराड्याची, अनुज्ञा दिली गेली होती. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीला ते नसते.

शेकोटी करायची तर अंगणात करावी, शेकून आत यावे आणि निखारे बाहेरच पाण्याने विझवावेत. राखेखाली झाकलेला निखाराही घरात आणू नये. सकाळी घरातील दोघा-तिघांचे डोके एकदमच दुखू लागले, मळमळू लागले, चक्कर आली, तर ते पित्त समजून बसू नये. दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, कोणी बेशुद्ध असेल तर उचलून बाहेर काढावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दवाखान्यात गेल्यावर ‘खोलीत शेगडी होती’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे, म्हणजे ऑक्सिजन लावण्यात वेळ जाणार नाही.