रोजा, उपास आणि डॉक्टर

चाचांची काळजी

कोराडी गाव नागपूरच्या उत्तरेला आहे. गावात जगदंबेचे मोठे देऊळ आहे. जवळच वीजघर आहे. त्याच्या उंच चिमण्या दुरून दिसतात. थोडे पलीकडे कामठी. कामठीत विणकरांची जुनी वस्ती आहे.

कोराडीचे एक भाऊ शेती करतात. कामठीचे एक चाचा पूर्वी माग चालवीत. दोघांची दोस्ती जुनी. भाऊंच्या घरी नवरात्राचे नऊ दिवस उपास असतात. चाचांच्या घरी रमजानचे रोजे असतात. दसऱ्याचे सोने कामठीला जाते. ईदचा शीरखुर्मा कोराडीला येतो.

रमजानला दोन महिने उरले होते. चाचा भाऊंच्या ओट्यावर येऊन बसले. पण बोलेनात.

"काहून जी चाचा? चेहरा उतरला तुमचा."

"काय सांगू भाऊ! नातवाचा फोन आला होता. तो तिकडे थंड मुलखात डॉक्टरी शिकून राहिला. मले म्हणते, दादाजी, तुम्हाले साखरेची बिमारी आहे. डॉक्टरले विचारल्याबिगर रोजा धरू नका. आता पाहा, लहानपणापासून मी रोजा चुकवला नाही. अन् कालचं पोरगं मले धरम शिकवते!"

"तो स्वतः रोजे धरते का तिकडे?"

"धरते ना. परीक्षा असली तरी धरते."

भाऊ हसले. म्हणाले, "मंग तो धरम सोडून नाही बोलून राहिला, चाचा. विचार करून बोलून राहिला."

भाऊंचे म्हणणे खरे होते. ते कसे, हे आपण समजून घेऊ.

चंद्राचा महिना

रमजान हा मुसलमानी वर्षाचा नववा महिना. या महिन्यात पहाट फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत रोजा असतो. तेवढ्या वेळात अन्न खायचे नाही. पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. पहाटेपूर्वी जे खातात त्याला सहरी म्हणतात. सूर्य मावळल्यावर रोजा सोडतात, त्याला इफ्तार म्हणतात. रोजा नुसता पोटाचा नसतो. खोटे बोलू नये, भांडू नये, गरिबाला द्यावे, हेही त्यात येते.

मुसलमानी वर्ष चंद्रावर चालते. ते सुमारे 354 दिवसांचे असते. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. आपल्या पंचांगातही महिने चंद्राचेच आहेत. पण आपण मध्ये अधिक महिना घालतो. म्हणून दिवाळी कधी उन्हाळ्यात येत नाही. रमजान मात्र सगळ्या ऋतूंतून फिरतो. त्याचा एक फेरा सुमारे 33 वर्षांत पुरा होतो.

2018 आणि 2019 साली रमजान मे महिन्यात आला होता. आपल्या विदर्भातले मे महिन्याचे ऊन तुम्हांला ठाऊक आहे. अशा उन्हातही लोकांनी पाण्यावाचून रोजे धरले. हमाली करणाऱ्यांनी धरले, माग चालवणाऱ्यांनीही धरले.

कुठे दिवस लहान, कुठे मोठा

आपल्याकडे उन्हाळ्यातला मोठ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आत असतो. पहाटेपासून धरले तर रोजा पावणेपंधरा तासांच्या आसपास जातो. पण पृथ्वीवर जसजसे उत्तरेला जावे, तसतसा उन्हाळ्यातला दिवस वाढत जातो. हिवाळ्यातला दिवस घटत जातो.

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड नावाचा मुलूख आहे. तिथे एडिंबरा नावाचे शहर आहे. जून महिन्यात तिथे सूर्य साडेसतरा तास आकाशात असतो. डिसेंबरात मात्र तो सातच तास दिसतो. त्याहून उत्तरेला तर उन्हाळ्यात काही दिवस सूर्य मावळतच नाही. मग तिथल्या मुसलमानांनी रोजा सोडावा तरी कधी? धर्माच्या जाणत्यांनी यावर वाट काढली आहे. जवळच्या शहराची वेळ धरावी, किंवा मक्केची वेळ धरावी, असे ते सांगतात. माणूस अडचणीत आला तर धर्म त्याला वाट देतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

परदेशी शिकलेले डॉक्टर अन्सारी

एडिंबरा शहरात आपल्या देशाची पुष्कळ मुले डॉक्टरी शिकली. त्यांतले एक डॉक्टर मुख्तार अहमद अन्सारी. त्यांचा जन्म 1880 साली झाला. गाव गाझीपूर जिल्ह्यातले युसूफपूर. हा जिल्हा आज उत्तर प्रदेशात आहे. अन्सारी आधी मद्रासला शिकले. मग समुद्र ओलांडून विलायतेला गेले. 1905 सालापर्यंत त्यांनी एडिंबऱ्याच्या मोठ्या पदव्या मिळवल्या. पुढे लंडनच्या चेअरिंग क्रॉस इस्पितळात त्यांनी काम केले.

ते शिकत होते त्या काळात रमजान हिवाळ्याच्या सुमारास येत होता. 1903 आणि 1904 साली तो नोव्हेंबर-डिसेंबरात आला. म्हणजे रोज्याचे तास थोडे, पण थंडी कडाक्याची. आसपास आपले माणूस नाही. पहाटे सहरीला उठवायला आई नाही. बाहेर सगळी दुनिया खातेपिते. घर सोडून शिकायला गेलेल्या मुलाला रमजान असा भेटतो. चाचांचा नातूही आज तेच भोगतो आहे.

डॉक्टर अन्सारी 1910 साली परत आले. दिल्लीत त्यांनी दवाखाना घातला. ते स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले. 1920 सालच्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याच वेळी मुस्लिम लीगचेही अधिवेशन नागपूरला झाले. लीगच्या त्या अधिवेशनाचे अध्यक्ष डॉक्टर अन्सारी होते. म्हणजे आपल्या नागपूरच्या मातीला त्यांचे पाय लागले आहेत. त्याच साली जामिया मिलिया ही शाळा निघाली. ती काढणाऱ्यांत ते होते. पुढे 1928 सालापासून 1936 साली मरेपर्यंत ते तिचे कुलपती होते. आज ते दिल्लीतले मोठे विद्यापीठ आहे.

उपासाला बसलेला माणूस आणि डॉक्टर

1924 साली देशात हिंदू-मुसलमानांचे दंगे झाले. गांधीजींना फार दुःख झाले. दिल्लीत त्यांनी 21 दिवसांचा उपास केला. सुरुवातीला ते मौलाना महंमद अली यांच्या घरी राहिले. त्यांची प्रकृती पाहायला दोन डॉक्टर होते. एक डॉक्टर अन्सारी, दुसरे डॉक्टर अब्दुल रहमान. उपास सुटला तेव्हा कुराण वाचले गेले. विनोबांनी उपनिषदे म्हटली. ख्रिस्ती भजनही झाले.

1933 साली पुण्यात पर्णकुटी बंगल्यात गांधीजींनी पुन्हा 21 दिवसांचा उपास केला. तेव्हाही डॉक्टर अन्सारी तिथे होते.

यात आपण काय पाहावे? गांधीजींची श्रद्धा थोडी नव्हती. तरी त्यांनी डॉक्टरला दूर ठेवले नाही. डॉक्टर अन्सारी विलायतेची विद्या शिकले होते. तरी ते उपासाला हसले नाहीत. उपास करणारा आणि डॉक्टर, दोघे एका खोलीत बसले. श्रद्धा आणि औषध यांचे वैर नाही.

रोज्याला सूट कुणाला?

कुराणातच सांगितले आहे की आजारी माणसाने आणि प्रवाशाने रोजा पुढे ढकलावा. राहिलेले रोजे पुढे बरे झाल्यावर धरावेत. लहान मुलांना रोजा नाही. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला धोका असेल तर सूट आहे. जुना आजार असेल, रोजा कधीच झेपणार नसेल, तर रोज एका गरिबाला जेवण द्यावे. त्याला फिदिया म्हणतात.

साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह असणाऱ्याने काय करावे?

रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरला भेटावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये, कमी करू नये, एकदम दुप्पटही घेऊ नये. इन्सुलिनची सुई घेणाऱ्याने तर विचारल्यावाचून रोजा धरूच नये. डॉक्टरने परवानगी दिली तर सहरी चुकवू नये. इफ्तारनंतर पाणी भरपूर प्यावे. तळलेले आणि गोड बेताने खावे.

दिवसा बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासावी. त्याने रोजा तुटत नाही, असे धर्माचे जाणकार सांगतात. साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडावा. हातपाय थरथरले, दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलणे भरकटले, तर साखर उतरली असे समजावे. ताबडतोब साखरेचे पाणी प्यावे आणि दवाखाना गाठावा. इफ्तारची वाट पाहू नये. तास-अर्ध्या तासाने जीव जाऊ शकतो.

चाचा दवाखान्यात गेले

भाऊ चाचांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. औषधाचा कागद पाहिला. म्हणाल्या, "चाचा, तुम्ही दोन वेळा सुई घेता. मागे एकदा चक्कर येऊन पडला होता. या साली रोजा धरू नका."

चाचा गप्प राहिले. त्यांचे डोळे भरून आले. वाटेत मशिदीच्या मौलवीसाहेबांना विचारले. तेही म्हणाले, "चाचा, अल्लाने सूट दिली आहे. ती घेणे हाही धरमच आहे."

चाचांनी रोज एका गरिबाच्या जेवणाचे पैसे बाजूला ठेवले. रात्री नातवाला फोन केला. म्हणाले, "बेटा, तुझं ऐकलं. आता तू माझं ऐक. तिकडे दिवस मोठा आहे. सहरी चुकवू नको. परीक्षेच्या दिवशी तब्येत बिघडली, तर हट्ट करू नको."

दुसऱ्या दिवशी ते भाऊंना म्हणाले, "भाऊ, एक विचारू? तुम्ही बीपीची गोळी घेता. नवरात्रात घेता का?"

भाऊ खाली पाहू लागले. हळूच म्हणाले, "नऊ दिवस बंद ठेवतो, चाचा. उपाशी पोटी कशी घ्यावी?"

"मंग उठा," चाचा म्हणाले. "काल तुम्ही मले नेलं. आज मी तुम्हाले नेतो."

शब्दांचे अर्थ

सहरी : पहाटेपूर्वीचे खाणे
इफ्तार : सूर्य मावळल्यावर रोजा सोडणे
फिदिया : रोज्याच्या बदली गरिबाला दिलेले जेवण
कुलपती : विद्यापीठाचा प्रमुख

विचार करा, आपसांत बोला

1. रमजान दरवर्षी एकाच ऋतूत का येत नाही?
2. उपासाच्या दिवशी तुमच्या घरी कोण औषध बंद ठेवते? त्यांनी डॉक्टरला विचारले आहे का?
3. साखर उतरल्याच्या चार खुणा सांगा.
4. तुमच्या गावातून कोणी शिकायला दूर गेले आहे का? त्याला पत्र लिहा.