गटातील चर्चा आणि बागेची नोंद : निर्यातीच्या द्राक्षबागेत दोहोंची सांगड

निर्यातीसाठी द्राक्षे पिकविणाऱ्या बागाईतदाराच्या हाती आज दोन साधने आहेत. पहिले म्हणजे व्हॉट्सॲपचा गट. गावातील व शेजारच्या गावांतील बागाईतदार, औषधविक्रेते, सल्लागार, निर्यातदाराचे प्रतिनिधी व कृषिखात्याचे कर्मचारी असे शेदोनशे लोक त्यात एकत्र असतात. पानावर केवड्याचा डाग दिसला की घटकाभरात त्याचे छायाचित्र सर्वांपुढे येते. दुसरे साधन म्हणजे नोंदीची संगणक प्रणाली. द्राक्षांसाठी ती 'ग्रेपनेट' या नावाने परिचित आहे. पहिले साधन बोलण्याचे व विचारविनिमयाचे आहे. दुसरे, काम ठरलेल्या क्रमाने पुढे नेण्याचे आहे. पुष्कळ बागाईतदार या दोहोंचा उपयोग करतात. परंतु एकाचा दुसऱ्याशी संबंध कसा जोडावा याचा विचार क्वचितच केला जातो, आणि त्यामुळे होणारे नुकसान काढणीच्या वेळी, म्हणजे काहीही करता येणे शक्य नसते अशा वेळी लक्षात येते. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व बागाईतदार बंधू यांच्यासाठी हा विषय येथे मांडला आहे.

नोंदीची प्रणाली कशासाठी

२००३ साली भारतातून गेलेल्या द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचे अंश युरोपात आढळले आणि आपल्या निर्यातीवर मोठे संकट ओढवले. त्यानंतर अपेडा ही केंद्र सरकारची निर्यात विकास संस्था आणि पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी राज्यांच्या कृषिखात्यांच्या साहाय्याने उर्वरित अंशांच्या तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला. या कार्यक्रमातील कागदपत्रांचा व्याप वाढत गेला, तेव्हा २००६ साली ते काम संगणकावर आणण्यात आले. तेच ग्रेपनेट होय. पुढे इतर फळे व भाजीपाला यांच्यासाठीही त्याच धर्तीवर व्यवस्था करण्यात आली.

या प्रणालीत बागेची नोंदणी कृषिखात्याकडे होते व प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र क्रमांक मिळतो. बागेची पाहणी होते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा प्रतिनिधी स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. अहवाल प्रणालीत चढविला जातो. तो समाधानकारक असेल तरच माल नोंदणीकृत पॅकहाऊसमध्ये जाऊन पुढील प्रमाणपत्रे मिळण्याचा मार्ग मोकळा होतो. एखाद्या नमुन्यात मर्यादेबाहेर अंश आढळल्यास त्या प्लॉटविषयी इशारा निघतो आणि त्याचा माल युरोपसाठी थांबविला जातो. थोडक्यात, मागील पायरी पुरी झाल्याखेरीज पुढील पायरीचे दार उघडत नाही.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच नवी आहे असे नाही. नाशिक व धुळे भागातील फडपद्धतीत कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे शेतकरी एकत्र बसून ठरवीत. तेथे मनसोक्त वादविवाद होई. परंतु पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे असे व तो ठरलेल्या पाळीप्रमाणेच पाणी देई. बैठकीतील चर्चा आणि पाटावरील पाळी या दोन गोष्टी निरनिराळ्या होत्या, तरी एकीत जे ठरे तेच दुसरीत उतरे. व्हॉट्सॲपचा गट ही आजची बैठक मानली, तर ग्रेपनेट हा पाट आहे. मधला पाटकरी मात्र कोणी नेमलेला नाही.

२०१० सालचा अनुभव

केवळ नोंदीची प्रणाली उत्तम असली म्हणजे भागते, असा समज होण्याचा संभव आहे. तो २०१० साली खोटा ठरला. ग्रेपनेट सुरू होऊन चार वर्षे झाली होती. नोंदणी, नमुने, अहवाल सर्व काही यथासांग चालू होते. तरीही त्या हंगामात युरोपातील तपासणीत आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश मर्यादेहून अधिक आढळले. बागाईतदार या द्रव्यास सीसीसी अथवा लिहोसीन या नावाने ओळखतात. वेलीची फाजील वाढ आवरण्यासाठी ते वापरले जाई. युरोपमधील मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम होती, म्हणजे २० टन द्राक्षांत सारा मिळून एक ग्रॅम. निर्यातदारांचा माल अडकला व बागाईतदारांचे पैसेही त्याबरोबर अडकले.

आता हे कसे घडले ते पाहावे. आपल्या प्रयोगशाळा ज्या रसायनांची तपासणी करीत होत्या त्या यादीत सीसीसी नव्हते. सीसीसीचा वापर ही कोणी लपविलेली गोष्ट मुळीच नव्हती. बांधावर, दुकानात, बागाईतदारांच्या बैठकीत तिचे नाव उघडपणे घेतले जात होते. माहिती चर्चेत होती. परंतु नोंदीच्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता. प्रणाली जे विचारते तेवढ्याचेच उत्तर तिला मिळते. बागेत प्रत्यक्ष काय चालले आहे हे तिच्यापर्यंत नेण्याचे काम माणसांनाच करावे लागते. पुढे सीसीसीचा तपासणीत समावेश झाला, पण तो नुकसान झाल्यानंतर.

प्रस्तुत लेखकाच्या मते या अनुभवाचा हा भाग पुरेसा सांगितला जात नाही. 'नोंदी नीट ठेवा' एवढाच बोध त्यातून काढला जातो. त्या वर्षी तर नोंदी नीट होत्याच.

केवळ चर्चेने होणारे घोटाळे

याच्या उलट बाजूचे नुकसान गटात रोज घडते. समजा, २५ डिसेंबरला ढगाळ हवामान आहे व गटात निरोप येतो की, 'केवड्यावर अमुक औषध फार चांगले चालले, आजच मारा.' दोन बागाईतदार तो वाचतात. पहिल्याची गोडी छाटणी ५ ऑक्टोबरला झाली आहे. त्याच्या बागेचा तो ८१ वा दिवस. दुसऱ्याची छाटणी ३० ऑक्टोबरची. त्याचा ५६ वा दिवस. दोघांची काढणी सुमारे १२५ व्या दिवशी धरली, तर पहिल्याचे ४४ दिवस उरले आहेत व दुसऱ्याचे ६९. औषधाचे काढणीपूर्व अंतर, ज्यास आपण पीएचआय म्हणतो, ते ६० दिवसांचे असेल, तर तोच निरोप दुसऱ्यास हितकारक व पहिल्यास घातक आहे. निरोप पाठविणाऱ्याने खोटे काही सांगितलेले नाही. त्याने आपल्या बागेचा दिवस सांगितला नाही, एवढेच. ज्या रसायनासाठी युरोपने स्वतंत्र मर्यादा ठरविलेली नाही त्यास किलोस ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. १०० टन द्राक्षांत एक ग्रॅम, असे हे प्रमाण पडते. 'थोडेसे राहिले असेल' या म्हणण्यास तेथे जागाच उरत नाही.

गटातील निरोपास पुरावा समजण्याची चूकही सर्रास होते. नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सॲपवर पाठविलेले छायाचित्र लहान केले जाते व त्यासोबतची स्थळाची माहिती गळून पडते. गटात नव्याने आलेल्या सभासदास पूर्वीची चर्चा सहसा दिसत नाही. निरोप आपोआप नाहीसे होण्याची सोय कोणी सुरू केली असल्यास आठवड्यापूर्वीचेही काही सापडत नाही. मोबाईल बदलला, बिघडला किंवा हरवला, तर बोलावयासच नको. फवारणीची आठवण ठेवण्याचे काम गटावर सोपविणे म्हणजे उसनवारीचा हिशेब पारावरच्या गप्पांत ठेवण्यासारखे आहे.

जोडणी कशी करावी

प्रथम निरोप लिहिण्याच्या पद्धतीकडे लक्ष द्यावे. औषधाविषयी विचारणा करताना अथवा सल्ला देताना प्लॉटच्या नोंदणी क्रमांकाचे शेवटचे चार अंक, गोड्या छाटणीची तारीख व त्या दिवशीचा छाटणीनंतरचा दिवस या तीन गोष्टी आरंभीच लिहाव्यात. उदाहरणार्थ, 'प्लॉट ३१४२, छाटणी ५ ऑक्टोबर, ८१ वा दिवस, पानाच्या खालच्या बाजूस पांढरी बुरशी.' एवढ्याने निम्मे घोटाळे टळतात, कारण उत्तर देणाऱ्याला काढणी किती दूर आहे ते दिसते. शिवाय हाच क्रमांक ग्रेपनेटमध्ये व नोंदवहीत असल्याने पुढे तिन्ही ठिकाणची माहिती ताडून पाहता येते.

गटात मिळालेले उत्तर हा सल्ला होय, निर्णय नव्हे. निर्णय बागाईतदाराने स्वतः घ्यावयाचा व तो घेण्यापूर्वी द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची शिफारस केलेल्या औषधांची यादी पाहावयाची. गतवर्षीची यादी कपाटाच्या दाराला चिकटविलेली असते व तीच पाहिली जाते. ती काढून टाकावी. चालू यादी गटाच्या माथ्यावर राहील अशी व्यवस्था गटप्रमुखास करता येते. ती त्याने करावी.

फवारणीची नोंद त्याच दिवशी सायंकाळी, टाकी ज्याने भरली त्यास विचारून करावी. औषधाचे केवळ दुकानी नाव न लिहिता आतील घटकाचे नाव, प्रमाण, एकूण पाणी व छाटणीनंतरचा दिवस लिहावा आणि डब्यावरील चिठ्ठीचे छायाचित्र जपून ठेवावे. येथे एका गोष्टीचा उल्लेख करणे अवश्य वाटते. पुष्कळ घरांतून गटात असतात ते घरचे कर्ते पुरुष, आणि नोंदवही लिहिते सून, मुलगी किंवा शाळेत जाणारा मुलगा. ब्लोअर चालविणारा माणूस दोन्हींत नसतो. ठरले एक, फवारले दुसरे व लिहिले तिसरेच, असे त्यामुळे होते. नोंदवही लिहिणाऱ्या व्यक्तीस गटात अवश्य घ्यावे.

निरोप आपोआप नोंदीत जाऊन पडतील अशी सोय का करू नये, असे काही तरुण बागाईतदार विचारतात. अशी सोय करणे यंत्रास अशक्य नाही. परंतु गटातील 'उद्या मारतो' हा बेत असतो, आणि रात्री पाऊस आला म्हणजे तो राहून जातो. नोंदीत मात्र घडलेली गोष्टच गेली पाहिजे. म्हणून या दोहोंमध्ये हाताने लिहिणारा व आपले नाव घालणारा माणूस असणे इष्ट आहे.

कार्यकर्त्याचे काम

आठवड्यातून एक दिवस, अर्धा तास, कार्यकर्त्याने गावातील नोंदणीकृत बागांच्या नोंदवह्या आणि गटातील त्या आठवड्याचे निरोप शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ज्या औषधाविषयी गटात बरीच चर्चा झाली परंतु एकाही वहीत ज्याचे नाव नाही, त्याविषयी प्रत्यक्ष बागेत जाऊन विचारावे. ते वापरले गेले असून लिहिले गेले नसेल, तर ती नोंद तत्काळ घ्यावी. ते शिफारशीच्या यादीत नसल्यास तालुका कार्यालयास व निर्यातदारास नमुना घेण्यापूर्वीच कळवावे. सीसीसीसारखी गोष्ट वेळीच उघडकीस येण्याचा हाच मार्ग आहे. बागाईतदारास दोष देण्याच्या हेतूने हे विचारू नये. तसे झाल्यास पुढच्या आठवड्यापासून गटातील बोलणेच बंद पडते व मग काहीही कळेनासे होते.

तसेच प्रणालीत आलेली परंतु गटात न पोचलेली माहिती, उदाहरणार्थ पाहणीची तारीख किंवा नमुना घेण्याचा दिवस, संबंधितांस कळवावी. नमुना घेतल्यानंतर कोणी नव्याने फवारणी केली, तर हाती असलेला अहवाल त्या मालाचा राहत नाही. ही सूचना त्या दिवशी स्वतंत्रपणे द्यावी. एखाद्या प्लॉटचा प्रतिकूल अहवाल मात्र गटात टाकू नये. तो बागाईतदारास समक्ष सांगावा. आधार क्रमांक, बँकेचे खाते व मोबाईलवर येणारा ओटीपी यांनाही गटात स्थान नाही. गटप्रमुखांनाच लिहिता येईल असा एक वेगळा गट केवळ सूचनांसाठी ठेवल्यास महत्त्वाची तारीख शुभेच्छांच्या गर्दीत हरवत नाही.

ज्या गावांत द्राक्षे नाहीत तेथेही ही पद्धत उपयोगी पडेल. महाडीबीटीवर अवजारासाठी अर्ज केलेल्या शेतकऱ्यास निवड झाल्याचा संदेश येतो, गटात अभिनंदन होते आणि तो पूर्वसंमतीची वाट न पाहता अवजार घेऊन येतो. मग अनुदान नाकारले जाते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतही पिकाचे छायाचित्र त्याच ॲपमधून व शेतात उभे राहून घ्यावे लागते. गटात टाकलेले छायाचित्र सातबाऱ्यावर चढत नाही.

द्राक्षबागांत ही जोडणी ऑक्टोबरच्या छाटणीपासून सुरू करण्याची प्रवृत्ती दिसते, कारण निर्यातीची धांदल तेव्हा सुरू होते. ती एप्रिलच्या खरड छाटणीपासूनच सुरू करावी. त्या वेळी दिलेले वाढनियंत्रक वेलीच्या अंगात मुरून राहू शकते व पुढे मण्यांतही उतरू शकते. नोंदवहीचे पहिले पान खरड छाटणीच्या तारखेने उघडावे, आणि गटाचा प्रमुख, नोंदवही लिहिणारे व कार्यकर्ता यांची पहिली बैठक त्याच आठवड्यात घ्यावी.