शेवटच्या वर्षाचा प्रकल्प : प्रश्न लहान, मोजणी खरी

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दवाखाना आटोपत आला असता ओळखीचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी आजारी नव्हती. ती एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षाला आहे. "डॉक्टरसाहेब, हिला कसला तो प्रोजेक्ट करायचाय म्हणे. परीक्षेचा अभ्यास सोडून लोकांच्या घरोघर फिरायचं, याचा काय उपयोग? तुम्हीच समजावून सांगा हिला," असे वडिलांचे म्हणणे. मुलगी म्हणाली, "काका, मला वडूजमध्ये आणि आजूबाजूच्या दोन-तीन गावांत रक्तदाबावर काम करायचंय. पण सुरुवात कुठून करायची तेच कळेना."

वडिलांची बाजू मला समजते. एम.बी.बी.एस.ला प्रबंध सक्तीचा नाही, तो पुढे एम.डी.ला असतो. नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या मुलांना मात्र शेवटच्या वर्षी असा लहान अभ्यास करावा लागतो. आपल्या खटाव-माण भागातली पुष्कळ मुले-मुली आज मिरज, कराड येथे शिकत आहेत आणि २०२१-२२ पासून साताऱ्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेव्हा हा विषय आता बऱ्याच घरांत निघणार. शिवाय ही मुले शेवटी आपल्याच ओसरीवर वही घेऊन येऊन बसतात. म्हणून या आठवड्यात औषधपाण्याऐवजी याविषयी लिहितो.

विद्यार्थिदशेत केलेले काम फुकट जाते असे नाही. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहॅन्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वादुपिंडावर प्रबंध लिहिला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला वेगळ्या पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले. ते कसे दिसतात हे त्याने नीट लिहिले आणि त्यांचे कार्य काय हे आपल्याला सांगता येत नाही, अशी स्पष्ट कबुलीही दिली. पुढे याच पुंजक्यांना त्याचे नाव मिळाले आणि १९२१ साली टोरांटोला त्यांतला रस वेगळा काढण्यात यश आले, तेच आपले इन्सुलिन. त्या पोराने ठोकून काही कार्य लिहून दिले असते तर पुढच्यांची दिशाभूल झाली असती. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या संशोधनाची विद्यावृत्ती ठेवली आहे. कोणत्या वर्षाचा विद्यार्थी अर्ज करू शकतो हे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहून घ्यावे.

मुलीने कागदावर विषय लिहून आणला होता : 'खटाव तालुक्यातील उच्च रक्तदाबाची कारणे'. मी तिला म्हटले, "बाळ, हा विषय घेऊन दहा डॉक्टर दहा वर्षे बसले तरी पुरे पडायचे नाहीत. तुझ्याकडे सुट्ट्या धरून तीन-चार महिने आहेत. एवढ्यात ज्याचं उत्तर हाती लागेल असा प्रश्न काढ." तासभर बोलल्यावर प्रश्न असा उरला : ज्यांना वर्षापूर्वी सरकारी दवाखान्यातून रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यांपैकी आज किती जण त्या घेतात, आणि ज्यांनी सोडल्या त्यांनी का सोडल्या?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला लागू पडणारा आहे. देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम २०१७ च्या अखेरीस हाती घेतला गेला, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते : सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. प्रत्येक रुग्णाचे कार्ड आणि ठरलेली साधी औषधे अशी त्याची पद्धत. कार्ड निघाले आणि गोळीही मिळाली. पण ती रोज पोटात जाते का, हे घरी गेल्याशिवाय कळत नाही. गोळी बंद केलेला माणूस मला पुन्हा भेटतो तो पुष्कळदा अर्धांगवायू झाल्यावर, गाडीत घालून आणलेला. त्यामुळे या उत्तराची मलाही गरज आहे.

आता किती लोक पाहायचे? मुले इथे अंदाजाने शंभर म्हणतात. समजा शंभर माणसे चिठ्ठ्या टाकून निवडली आणि त्यांतल्या तिसांनी गोळ्या सोडलेल्या निघाल्या. म्हणजे गावचा खरा आकडा साधारण २१ ते ३९ टक्के यांच्या दरम्यान कुठेतरी आहे, एवढेच म्हणता येते. चारशे माणसे पाहिली तर ही चूक निम्म्यावर येते. चूक निम्मी करायला माणसे चौपट लागतात, हा हिशेब सर्वेक्षणाला निघण्यापूर्वी करावा. एकट्या मुलीला चारशे घरे झेपणार नाहीत. शंभरच घ्यावीत, पण अहवालात 'तीस टक्के' एवढेच लिहून थांबू नये, शेजारी ही चूकही लिहावी.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे माणसे कोणती निवडायची. माझ्या दवाखान्यात बाजारच्या दिवशी बसून शंभर जणांना विचारले तर काम एका दिवसात उरकेल, पण ते खोटे ठरेल, कारण गोळी घेणाराच दवाखान्यात येतो, सोडलेला येतच नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात हेच ओळखले होते. त्यांनी दवाखान्यात न बसता दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. केवळ दवाखान्याच्या नोंदी पाहिल्या असत्या तर गावात दुखणेच नाही असे वाटले असते.

म्हणून तिला सांगितले की तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी घे, आरोग्य केंद्रातल्या नोंदवहीतून नावे घे, चिठ्ठ्या टाक आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्याच घरी जा. शेजारचा घरी आहे म्हणून त्याला धरायचे नाही. कुलूप असेल तर पुन्हा, संध्याकाळी, फार तर तिसऱ्यांदा जायचे. आमच्या भागाचे एक वैशिष्ट्य इथे आडवे येते. कोणी मुंबईला माथाडीत, कोणी गलाईच्या धंद्यात पार परमुलखात, तर मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर. दुपारी बारा वाजता वाडीत गेलात तर म्हातारी माणसे आणि सुना तेवढ्या भेटतील. जे भेटले नाहीत त्यांची संख्याही लिहायची, कारण गोळ्या सुटण्याचा संभव त्यांच्यातच जास्त.

प्रश्नपत्रिकेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चांगली हुशार मुले इथे फसतात. पुस्तकातला इंग्रजी प्रश्न मराठीत आणून विचारला जातो, "आपण तंबाखूचे सेवन करता का?" म्हातारी ठामपणे "न्हाई बाई" म्हणते आणि खरेच बोलते, कारण ती तंबाखू खात नाही, ती मिश्री लावते. तव्यावर भाजलेली तंबाखू दिवसातून चार वेळा दाताला लागते, पण वहीत 'नाही' पडते. तिथे "सकाळी दात कशानं घासता? मिश्री लावता का? दिवसातनं किती डाव?" असे विचारले पाहिजे. गोळीचेही तेच. "गोळी घेता का?" या प्रश्नाला डॉक्टर होणाऱ्या मुलीपुढे कोण नाही म्हणेल? त्यापेक्षा "पाकीट दाखवता का?" म्हणावे, गोळ्या मोजाव्यात, आणून किती दिवस झाले ते विचारावे. मग सहज म्हणावे, "पुष्कळांची गोळी अधूनमधून राहते. गेल्या आठवड्यात तुमची किती वेळा राहिली?" असे विचारले की माणूस मोकळा होतो. हा कागद आधी दहा जणांवर वापरून पाहावा आणि त्यांची उत्तरे अभ्यासात धरू नयेत.

रक्तदाब मोजताना माणसाला पाच मिनिटे टेकून शांत बसू द्यावे. त्याने अर्ध्या तासात चहा, तंबाखू घेतलेली नसावी. हाताला आधार असावा, पट्टा दंडाला बेताचा बसणारा आणि छातीच्या पातळीवर असावा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि यंत्रावर दिसेल तेच लिहावे.

'दिसेल तेच' या शब्दांवर मी जोर देतो त्याला कारण आहे. मी शेवटच्या वर्षाला असताना आमच्या गटाला एका वस्तीतली साठ घरे वाटून दिली होती. माझी शेवटची चौदा राहिली. ऊन होते, परीक्षा जवळ आली होती, एस.टी. चुकली होती. ती चौदा घरे मी वसतिगृहाच्या खाटेवर बसून भरली. १२०/८०, १३०/८०, एखादे १४०/९०. दुसऱ्या दिवशी सरांनी वही पाच मिनिटे चाळली आणि विचारले, "या चौदा घरांतल्या लोकांचा रक्तदाब शून्यावरच कसा संपतो रे?" पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे शेवटचा आकडा ०, २, ४, ६, ८ यांपैकी कोणताही येऊ शकतो, आणि खऱ्या मोजणीत शून्य पाचात एकदा येईल. माझ्या वहीत प्रत्येक ओळीत होते. सर ओरडले नाहीत. वही परत दिली आणि परवापर्यंत आण म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी गेलो. त्या चौदांतल्या नवव्या घरात चाळिशीचा एक शेतकरी होता. डोके दुखते म्हणून अंगणात बाजेवर पडला होता. त्याचा रक्तदाब निघाला २१२/१२४. मी तीनदा मोजला. त्याच दिवशी त्याला रुग्णालयात नेले, तो वाचला. माझ्या वहीत आदल्या दिवशी तो १३०/८० होता. त्याच्या बायकोने मला ताक दिले, ते मी प्यालो, आणि या गोष्टीतले काहीही तिला सांगू शकलो नाही. आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा लिहितो आहे. मुलीच्या वडिलांनाही त्या संध्याकाळी हेच सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून मुलीला मोटारसायकलवरून वाड्यांवर सोडायला तयार झाले.

आता वाचकांसाठी. असा विद्यार्थी दारात आला तर पहिल्यांदा त्याच्याकडचा माहितीचा कागद मागा. तो मराठीत असला पाहिजे. अभ्यास कोण करते, कशासाठी, किती वेळ लागेल, तुमचे नाव कुठे जाईल का, हे त्यावर असावे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. अंगठा देताना तिऱ्हाईत साक्षीदार असावा. महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची परवानगी काम सुरू करण्यापूर्वीच मिळालेली असावी लागते, मागाहून घेतलेली चालत नाही. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात. तुम्हाला नाही म्हणता येते, अर्ध्यावर थांबताही येते, आणि त्यामुळे तुमचे औषध कोणी बंद करू शकत नाही. तपासणीत काही जास्त निघाले तर ते तुम्हाला त्याच वेळी सांगून कुठे जायचे तेही सांगणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे. वहीत नावाऐवजी क्रमांक असावा आणि कोणता क्रमांक कोणाचा याची यादी वेगळी, कुलपात.

हे सगळे पटल्यावर मात्र खरे सांगा. पोरगी हुशार आहे, तिला बरे वाटावे म्हणून 'रोज घेते' म्हणू नका. एकदा एका मुलाचा अंदाज होता की दवाखाना लांब असल्यामुळे लोक औषध सोडतात. मोजल्यावर अंतराचा संबंधच दिसेना. बिचारा अहवाल कसा द्यावा म्हणून रडकुंडीला आला होता. 'संबंध दिसला नाही' हेच त्याचे उत्तर होते आणि तेच लिहायचे होते.

आमच्या या मुलीचा अर्ज सध्या समितीपुढे आहे. तोवर तिने मार्गदर्शक सरांना विचारून माझ्याच दहा रुग्णांवर, त्यांच्या संमतीने, प्रश्नांचा कागद वापरून पाहिला. गोळी सुटण्याची कारणे तिने आधीच छापून नेली होती : बरे वाटले, संपल्या, विसरले, सवय लागेल अशी भीती, दवाखाना लांब. पुढे खूण करायला चौकोन. सहाव्या आजींना तिने पाकीट मागितले. महिन्याच्या गोळ्या आणून महिना झाला होता. आजी म्हणाल्या, "एक दिस मी खाते, एक दिस ह्यास्नी देते. दोघांस्नी बी बीपीच हाय की. ह्यांचं कार्ड कुठं काढलंय?"

याला तिच्या कागदावर चौकोनच नव्हता. संध्याकाळी येऊन तिने तो पेनाने आखला आणि मला दाखवला. आजोबांना मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले आहे.