बारशाआधी

कोड तयार आहे, लायसन निवडलंय, पुढच्या आठवड्यात प्रकल्प खुला करताय. फार बरं वाटलं. आता नावाचं बोलू या. लोगो करायला देण्याआधी थोडं ऐका, मुलांनो.

आधी शोधा. फायरफॉक्सचं पहिलं नाव फीनिक्स. त्यावर फीनिक्स टेक्नॉलॉजीजचा हक्क निघाला, म्हणून २००३मध्ये फायरबर्ड केलं. त्या नावाचा डेटाबेस प्रकल्प आधीच चालू होता. ती मंडळी दुखावली आणि २००४मध्ये तिसरं नाव घ्यावं लागलं. आपल्यासारख्याच फुकट राबणाऱ्या माणसांना आपण दुखवावं, हे मला फार लागतं. म्हणून ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर सॉफ्टवेअरचे वर्ग ९ आणि ४२ तपासा, तेही उच्चारावरून. स्पेलिंग फिरवून साम्य जात नाही. आणि गिटहब, एनपीएम, डेबियनच्या याद्याही चाळा.

‘मराठी शब्दतपासणी’ असं कामाचंच वर्णन नाव म्हणून घेऊ नका. अशा शब्दांवर कायदा सहसा कुणा एकाचा हक्क मानत नाही. घडवलेला शब्द बरा. दुसऱ्याचं प्रसिद्ध नाव तर आपल्या नावात गुंफूच नका.

खरी गोष्ट पुढेच आहे. लायसन कोड वाटतं, नाव वाटत नाही. अपाची २.० मध्ये तर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. जेराल्ड कोम्ब्सनं ‘इथिरियल’ हे नेटवर्क तपासायचं साधन उभं केलं. २००६मध्ये त्यानं नोकरी बदलली. कोड घेऊन तो पुढे जाऊ शकला, पण नाव जुन्या कंपनीकडे राहिलं. वायरशार्क हे नाव तेव्हा आलं. २०१०मध्ये ओपनऑफिसची मंडळी वेगळी झाली. नाव ओरॅकलकडे, म्हणून लिब्रेऑफिस. पुढच्याच वर्षी हडसनचं जेन्किन्स झालं, तेही ओरॅकलनं नावावर हक्क सांगितल्यामुळे. या तिघांनी नव्या नावानं पुन्हा जम बसवला, कारण माणसं त्यांच्यामागे भक्कम होती. तुमच्यामागे आज तेवढी नाहीत.

तेव्हा नाव कुणाचं, हे पहिल्याच दिवशी कागदावर आणा. डोमेनचंही तसंच. तुमच्यापैकी जे नोकरीत आहेत त्यांनी आपला करार वाचा. एका मित्राच्या नावावर सगळं ठेवू नका, तो कितीही सज्जन असो. गिटचा ट्रेडमार्क सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या ना-नफा संस्थेकडे आहे. तशी एखादी संस्था तुम्हाला आसरा देते का, विचारा. स्वतः नोंदवायचं तर व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० रुपये पडतात आणि नोंदणी १० वर्षं टिकते. नोंदणी होईपर्यंत वर्तुळातला आर लावू नका, तो गुन्हा आहे, टीएम चालतं.

अर्जदाराच्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं, ते या रविवारी सगळे बसून ठरवा. अजून वापरणारे दहाच जण आहेत.