प्रपितामहीचे नाव

भाद्रपद वद्य पक्षात महालयासाठी यजमान पाटावर बसले म्हणजे उपाध्याय त्यांस क्रमाने नावे विचारू लागतात. पित्याचे नाव तत्काळ मिळते, पितामहाचेही मिळते. प्रपितामहापाशी यजमान क्षणभर थांबतात, घरातील वडील माणसाकडे पाहतात, आणि बहुधा तेही नाव निघते. परंतु ‘पितामही’ या शब्दानंतर अडखळणे सुरू होते आणि ‘प्रपितामही’पर्यंत पोचता पोचता सारे घर मौन धरते. आजोबांच्या आईचे नाव ठाऊक नाही असे सांगणारी कुटुंबे आपल्या सभासदांत थोडीथोडकी नाहीत. वडिलांच्या शेजारी बसून वही धरण्याचे काम लहानपणापासून आमच्याकडे असल्यामुळे हे मौन आमच्या चांगलेच परिचयाचे आहे.

कुलवृत्तांत म्हटला की आपल्यापुढे वंशवृक्ष उभा राहतो. मूळपुरुष, त्याचे पुत्र, त्यांचे पुत्र. जुन्या वंशावळींत स्त्रियांची नावे बहुधा नसतात, आणि त्याचे कारण अनादराइतकेच व्यवहाराचेही आहे. वतन, इनाम अथवा वाटणी यांचा वाद उभा राहिला म्हणजे सरकारात दाखल करण्याकरिता या वंशावळी लिहिल्या जात. ज्यांस वाटा मिळावयाचा नाही त्यांची नावे लिहिण्याचे कोणास प्रयोजन नव्हते. श्राद्धविधीचा हिशेब मात्र निराळा. पितृत्रयी, मातृत्रयी, मातामहत्रयी आणि मातामहीत्रयी अशी बारा नावे तेथे गोत्रासह लागतात, आणि त्यांतील निम्मी स्त्रियांची. त्यापुढे महालयात काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासरे, गुरू, फार काय आप्त-मित्रदेखील येतात. सरकारी कागदाने जिला वगळले त्या बाईचे नाव उपाध्यायाच्या वहीत सापडते ते यामुळे. आमच्या मते घराण्याचा शोध येथून आरंभावा. दफ्तरखान्यातून आरंभू नये.

ही वही कशी वाचावी हे थोडे सांगणे अवश्य आहे. तीत मृत्यूची तिथी असते, वर्ष बहुधा नसते. श्राद्धास मास, पक्ष व तिथी एवढेच लागते. ‘माघ वद्य अष्टमी’ एवढ्या नोंदीवरून माणूस कोणत्या साली गेला हे कळत नाही. ते साल नगरपालिकेच्या मृत्युनोंदीतून, विम्याच्या अथवा पेन्शनच्या कागदातून, नाहीतर ‘प्लेगच्या वर्षी’, ‘महापुराच्या आदल्या वर्षी’ अशा घरच्या आठवणीतून काढावे लागते, आणि मग जुन्या पंचांगाशी ताडून तारीख निश्चित होते. दुसरी गोष्ट गोत्राची. ज्यास आपले गोत्र ठाऊक नाही त्याने काश्यप गोत्र उच्चारावे असा संकेत आहे. म्हणून वहीत ‘काश्यप’ आढळले की ते घराणे खरोखर काश्यपगोत्री होते, की कोणा पूर्वजास गोत्र सांगता आले नव्हते, हे पाहिल्याशिवाय त्यावर काही उभारू नये. तिसरी गोष्ट, विवाहानंतर नाव बदलण्याची आपल्याकडील चाल. वहीत असते ते सासरचे नाव. तीच बाई माहेरच्या कागदांत दुसऱ्याच नावाने नांदते, आणि दोन्ही नावे जुळविण्यास जुनी लग्नपत्रिका किंवा एखाद्या वृद्ध आत्याबाईंची स्मृती याखेरीज साधन नसते.

आपल्यापैकी बरीच घराणी नाशिक-त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार येथे जाऊन आली आहेत. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून पूर्वजांचे लेख मिळतात. कित्येक ठिकाणी खुद्द पूर्वजाचे हस्ताक्षर पाहावयास मिळते. तेथे जाऊन ‘आम्ही बडोद्याचे’ असे सांगितल्यास मात्र पुष्कळदा काम होत नाही. या वह्या मूळ गाव, ज्ञाती व आडनाव यांवरून लावलेल्या असतात, आणि घराणे दोनशे वर्षांपूर्वी ज्या गावाहून निघाले ते गाव सांगावे लागते. तेव्हा मूळ गावाचे नाव प्रथम घरात निश्चित करावे. आपल्या जवळचे सिद्धपूर तर मातृगया म्हणून प्रसिद्ध; बिंदुसरोवरावर आईचे श्राद्ध करावयास जाणाऱ्याने आपल्या घराण्याची वही तेथे अवश्य विचारावी. ज्यांच्या घरी श्राद्धाच्या वहीची परंपरा नाही अशा सभासदांस दुसरे मार्ग आहेत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या बाजूची मूळ घराणी असतील त्यांच्या गावी हेळवी येऊन वंशावळ म्हणून दाखवीत. त्यांच्या वह्या आहेत. आपल्या गुजराती शेजाऱ्यांत हेच काम वहीवंचा बारोट करीत आले.

उत्तरेकडील वह्या उतरून आणणाऱ्यांनी कालगणनेविषयी सावध असावे, कारण जुळणारी माणसे न जुळणारी ठरण्याचे हे एक मोठे कारण आहे. आपला महिना अमावास्येस संपतो, त्यांचा पौर्णिमेस. शुद्ध पक्षात भेद पडत नाही, परंतु वद्य पक्षात एका महिन्याचे अंतर पडते. आपला भाद्रपद वद्य तोच त्यांचा आश्विन कृष्ण. आपला माघ वद्य तोच त्यांचा फाल्गुन कृष्ण. इंदूर-ग्वाल्हेरकडून आलेल्या घरांतील कागदांतही हा घोटाळा संभवतो. संवताचे तसेच. उत्तरेस विक्रम संवत चैत्रात बदलतो, गुजरातेत कार्तिकात. म्हणून चैत्रापासून आश्विनापर्यंतच्या सात महिन्यांत गुजराती संवत तिकडील संवताहून एकाने कमी असतो. शालिवाहन शकाचे गणित सोपे. शकात ७८ मिळवावे, आणि पौषातील जानेवारी लागल्यापासून फाल्गुनअखेरपर्यंतची नोंद असेल तर ७९. मोडी कागदांत भेटतो तो शुहूर सन, तोही बहुधा अरबी अंकशब्दांत. ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७०. त्यात ५९९ मिळविले की १७६९, आणि हा सन मृगाच्या सुमारास बदलत असल्यामुळे ते वर्ष १७६९-७० समजावे.

आता दफ्तरांविषयी. बडोद्यास मराठी घराणी एकाच वेळी आली नाहीत. काही अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेबरोबर आली, शिलेदार, कारकून, पुजारी, कारागीर म्हणून. पुष्कळशी सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८७५ ते १९३९ या काळात, शिक्षक, वकील, इंजिनियर, डॉक्टर म्हणून आली. आपण कोणत्या लाटेबरोबर आलो हे कळले म्हणजे कोणते दफ्तर उघडावे हे कळते. पहिल्या लाटेची माणसे मोडी कागदांत आहेत. जुन्या बडोदे राज्याचे दफ्तर आता गुजरात राज्याच्या अभिलेखागार खात्याच्या येथील कार्यालयात आहे. दुसऱ्या लाटेतील नोकरदारांच्या नेमणुका व बदल्या राज्याच्या ‘आज्ञापत्रिके’त शोधाव्या. १ मे १९४९ रोजी राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९६० साली आपण गुजरात राज्यात आलो. कचेऱ्यांतून मराठी गेली, शाळांतून मोडीही गेली. आज घरच्या ट्रंकेतील कागद नातवास वाचता येत नाही आणि म्हणून तो रद्दीत जातो. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी जाणणारे लोक शोधत फिरण्याची पाळी आली होती. तेथे ही अवस्था, मग आपल्याकडे काय असेल?

मोडी वाटते तितकी दुर्घट नाही. ओळीची रेघ आधी ओढलेली असते, हात न उचलता लिहिलेले असते, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. नित्य अर्धा तास दिल्यास काही महिन्यांत घरगुती पत्रे लागू लागतात. विशेषनामे मात्र शेवटपर्यंत फसवितात. तेथे दोघांनी स्वतंत्रपणे वाचून मग ताडून पाहावे.

एका साधनाकडे आपले दुर्लक्ष झाले आहे, ते म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ साली ते सर्व राज्यास लागू केले, आणि ते मुलींसही लागू होते. ज्या काळी अन्यत्र मुलीचे नाव सरकारी कागदावर सहसा चढत नसे त्या काळी बडोदे राज्यातील शाळेत ते वडिलांच्या नावासह चढत होते, आणि तेही माहेरचे नाव! आपल्या पणजीचे बाळपण या राज्यात गेले असेल तर तिचे मूळचे नाव मिळण्याची ही सर्वांत चांगली जागा. तेथील जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. मास्तरांनी सोयीसाठी १ जून घातलेली माणसे सर्वांनी पाहिली आहेत. नगरपालिकेच्या जुन्या जन्मनोंदीत तर बाळाचे नावच नसते, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच आणि पुढे बापाचे नाव. तलाठ्याकडून वारसासाठी मिळणारा पेढीनामा हा आजच्या प्रतिज्ञेवर तयार होतो. वर्तमान वारसांपुरता तो ठीक, जुन्या पिढ्यांस पुरावा म्हणून तो धरू नये.

हे काम एकट्या कुटुंबाने करावयाचे म्हटल्यास दमछाक होते. एकाच मूळ गावची चार घरे असतात, एकाच दफ्तरात दहा घरांचे कागद असतात, आणि प्रत्येकजण निराळा हेलपाटा घालतो. त्यापेक्षा एकाने रजिस्टरे पाहावी, एकाने मोडी वाचावी, तरुणांनी मोबाईल फोनवर स्वच्छ छायाचित्रे घ्यावी, आणि भगिनींनी वृद्ध स्त्रियांजवळ बसून ऐकावे. या शेवटच्या कामास सर्वांत कमी अवधी उरला आहे. कागद दहा वर्षे थांबतील. नव्वदीच्या आजीबाई थांबणार नाहीत. त्यांना ‘वंशावळ सांगा’ असे म्हणू नये. ‘तुमच्या लग्नात कोण कोण आले होते’ असे विचारावे, म्हणजे नाती आपोआप सुटी होतात. मूळ कागद ज्याचे त्याच्याच घरी राहावे, छायाचित्रे तेवढी एकत्र ठेवावी, आणि प्रत्येक नोंदीखाली ती कोठून घेतली व कोणी उतरली हे लिहावे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघरचे कागद गोळा करून साधनांचे खंड काढले, आणि बडोद्याच्याच नोकरीत हयात घालविलेले गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडीचे ४५ खंड निघाले. आपले काम त्यांच्यापुढे क्षुल्लक. पण कागद कोठून आला ते लिहून ठेवण्याची त्यांची शिस्त आपणांसही पाळता येईल.

एका गोष्टीत आम्ही हट्टी आहोत. उपाध्यायाच्या वहीत घराची दुःखे असतात. बालपणी गेलेली मुले, दोन पत्नी, दत्तक, कोणाचा अपघाती अंत. हे सारे विश्वासाने सांगितलेले असते. कामाच्या सोयीसाठी ही वही सरसकट सर्वांपुढे उघडावी अशी सूचना काही उत्साही तरुणांकडून आली आहे. ती आम्हांस मान्य नाही. प्रत्येक कुटुंबास त्याची स्वतःची पाने उतरून मिळतील, आणि ती दुसऱ्यास दाखवावयाची की नाही हे त्या कुटुंबानेच ठरवावे. जिवंत माणसांची माहिती सामायिक संग्रहात येऊ नये हे तर उघडच आहे.

दत्तकाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. काही कुटुंबांस वंशवृक्षात दत्तक निघाल्यास संकोच वाटतो व ती फांदी गाळावीशी वाटते. या नगरीत तरी असा संकोच शोभत नाही. कवळाणे गावचे गोपाळराव १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव महाराज झाले. दत्तकाची नोंद गाळली तर एकच मनुष्य दोन बापांच्या नावांनी दोन ठिकाणी आढळतो आणि शोधणारा वर्षानुवर्षे चकतो. तेव्हा दोन्ही घरे लिहावी. तसेच मूळपुरुष कोणी सरदार अथवा महापंडितच निघाला पाहिजे असा आग्रहही नसावा. आमच्या घराण्यातील सर्वांत जुना कागद एका पुजाऱ्याने तेलवातीच्या नेमणुकीसाठी केलेला अर्ज आहे, आणि त्यावरून आम्हांस जे कळले ते कोणत्याही सनदेवरून कळले नसते.

महालयास अद्याप अवधी आहे. मंदिराच्या कार्यालयात कोरे तक्ते ठेवलेले आहेत. ते घरी न्यावे, ठाऊक असेल तेवढे शाईने व ऐकीव असेल ते पेन्सिलीने लिहावे, आणि रकाना रिकामा राहिला तरी तक्ता परत करावा, कारण आपल्या घरी रिकामे राहिलेले नाव पुष्कळदा दुसऱ्या घरच्या कागदात सापडते. दर रविवारी आरतीनंतर आम्ही तेथे बसतो. तक्त्यात मातामहीचा रकाना मुद्दाम सर्वांत वर घातला आहे; तो प्रथम भरावा.