पासबुकातले तीन रकाने

भविष्य निर्वाह निधी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा पीएफ, हा म्हातारपणासाठी साठवलेला पैसा. पण नोकरी चालू असतानाही आजारपणासाठी त्यातून रक्कम काढता येते. 1952 च्या योजनेत परिच्छेद 68-जे या क्रमांकाने ही सोय दिलेली आहे. सभासद स्वतः किंवा त्याच्या कुटुंबातले कोणी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी दाखल असेल, अथवा हृदयविकार, कर्करोग, क्षय, पक्षाघात यांसारख्या दुखण्याने आजारी असेल, तर अर्ज करता येतो. या रकमेला ॲडव्हान्स म्हणतात, पण ती परत फेडावी लागत नाही. सातारा, कुपवाड, पलूसच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या कितीतरी घरांत दवाखान्यासाठी वेगळी ठेव नसते. ज्यांचा पगार 21,000 रुपयांच्या आत आहे त्यांना ईएसआयसीचे कार्ड असते. त्याच्या किंचित वर गेलेल्यांचे कार्ड बंद होते आणि अडीअडचणीला पीएफ तेवढा उरतो.

किती पैसे मिळतात, याचा सर्वसाधारण अंदाज हमखास चुकतो. पासबुकात तीन रकाने असतात: कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन. कामगाराच्या मूळ पगार व महागाई भत्त्याचे 12 टक्के पहिल्या रकान्यात जातात. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनकडे वळतात आणि त्याच्या नावाच्या रकान्यात 3.67 टक्केच पडतात. पेन्शनच्या रकान्याला व्याजही नाही. आजारपणाचा जुना नियम असा: सहा महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता, किंवा कामगाराचा स्वतःचा हिस्सा व्याजासह, यांतली जी रक्कम कमी ती.

प्रस्तुत लेखिकेला हा नियम जानेवारी 2021 मध्ये कळला, आणि तोही मिरजेतल्या एका रुग्णालयात बिलाच्या खिडकीसमोरच्या बाकावर. पतीच्या अँजिओप्लास्टीला दोन स्टेंट धरून 1,90,000 रुपयांचे एस्टिमेट हातात होते. औषधाच्या पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर स्वतःच्या पासबुकातल्या तीन रकान्यांची बेरीज मांडली होती: 1,32,000, 40,000 आणि 74,000, एकूण 2,46,000. सगळे भागून वर उरेल, या हिशेबाने पतीला आत नेण्याची संमतीही दिलेली होती. शेजारी बसलेल्या, पीएफचे काम माहीत असलेल्या एका गृहस्थांनी पावती पाहिली, मूळ पगार विचारला आणि त्याच कागदावर 14,000 गुणिले 6 लिहिले. 84,000. हातात येणारा पगार 22,000 च्या पुढे असला तरी त्यातले मूळ व महागाई मिळून 14,000 च होते, बाकी सगळे निरनिराळ्या नावांचे भत्ते. मूळ पगार कमी दाखवला की मालकाचा दरमहाचा भरणा कमी होतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. आजारपणात कामगाराला मिळणारी रक्कमही त्याच मापाने आखडते, हे नोकरीला लावून घेताना कोणी सांगत नाही. वेतनचिठ्ठीवरचा मूळ पगार व महागाई भत्त्याचा आकडा आजच पाहून त्याला सहाने गुणून ठेवावे.

त्या 84,000 रुपयांनाही दुसरीच अडचण आली. क्लेम पुढे सरकेना, कारण नावे जुळत नव्हती. लग्नानंतर नोकरी धरणाऱ्या बाईकडून कारखान्यात वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला घेतला जातो. त्यावर माहेरचे नाव असते आणि तेच पीएफच्या नोंदीत चढते. आधार आणि बँक मात्र सासरच्या नावाने. पुरुषांचेही होते: कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले, कुठे ‘राव’ जोडलेले. संगणकाला ती दोन वेगळी माणसे वाटतात.

दुरुस्तीला कामगार आणि मालक या दोघांचे संयुक्त घोषणापत्र लागे आणि त्यावर कारखान्याची मंजुरी. लेखिकेच्या कारखान्यातील कचेरीने त्यासाठी एकोणीस दिवस घेतले. पहिल्या दिवशी साहेब बाहेरगावी होते. पाचव्या दिवशी डिजिटल सहीचा डोंगल पुण्याच्या ऑफिसात राहिला होता. नवव्या दिवशी, लग्नाचा दाखला जोडलेला असतानाही, तो नसल्याचे सांगण्यात आले. बाराव्या दिवशी कारकुनाने मान वर न करता विचारले, “पेशंट तर घरी आलाय ना, मग घाई कसली?” काम दोन मिनिटांचे होते, विसाव्या दिवशी ते समोर बसून करून घेतले तेव्हा घड्याळात पाहिले. तोवर पतसंस्थेत पाटल्या गहाण पडल्या होत्या. पीएफची रक्कम खात्यात आली तेव्हा त्या कर्जाच्या पहिल्या महिन्याचे व्याज भरून झाले होते.

या बाबतीत नियम आता बरेच सैल झाले आहेत, आणि ते व्हायलाच हवे होते. 1 ऑक्टोबर 2017 नंतर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, मिळालेल्या सभासदांना जानेवारी 2025 पासून नाव, जन्मतारीख वगैरे दुरुस्त्या मालकाच्या मंजुरीशिवाय करता येतात. त्याआधीचा यूएएन असेल तर कचेरीची पायरी अजूनही चढावी लागू शकते. म्हणून जुन्या कामगारांनी, विशेषतः बायकांनी, घरात सगळे धडधाकट असतानाच हे काम उरकावे. अर्ज तोंडी देऊ नये; दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच द्यायला नकार मिळाला तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर लगेच नोंद करावी. दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्या-जिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ शिबिर भरते, तिथे अधिकारी समोर भेटतो.

बँक खाते जोडायलाही एप्रिल 2025 पासून मालकाची मंजुरी लागत नाही. आजारपणाचे क्लेम संगणकावर आपोआप निकाली काढण्याची मर्यादा जून 2025 मध्ये 1 लाखावरून 5 लाखांवर गेली. 13 ऑक्टोबर 2025 च्या बैठकीत केंद्रीय विश्वस्त मंडळाने अंशतः रक्कम काढण्याच्या 13 तरतुदी एकत्र करण्याचे ठरवले. त्यात मालकाचा हिस्साही धरला जावा, 12 महिन्यांची नोकरी पुरेशी असावी आणि 25 टक्के रक्कम खात्यात राहावी, असे आहे. अर्जाच्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते पोर्टलवर पाहूनच आकडा धरावा. नोंदवलेल्या मोबाइलवरून 9966044425 ला मिस्ड कॉल दिला की शिल्लक कळते, पण तिच्यातले काढता येईल किती, ते कळत नाही.

पीएफला हात लावण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. 1 जुलै 2024 पासून राज्यातील सर्व कुटुंबांना तिच्यात वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र रुग्णालय योजनेत असावे लागते. मिरजेत दवाखाने गल्लोगल्ली आहेत, म्हणून ओळखीच्या डॉक्टरकडे थेट दाखल होण्याची सवय आहे. ती महाग पडते. दाखल होण्याआधी योजनेच्या आरोग्यमित्राचा कक्ष शोधावा, रेशनकार्ड व आधार सोबत ठेवावे, आणि तातडीचा रुग्ण असेल तर 155388 वर विचारावे. धर्मादाय रुग्णालयांत गरीब व दुर्बल रुग्णांसाठी प्रत्येकी 10 टक्के खाटा राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो.

काढलेल्या रकमेवरचे पुढचे व्याज जाते, हेही धरावे. 2024-25 चा दर 8.25 टक्के होता, आणि गेलेली रक्कम त्या खात्यात परत भरता येत नाही. पेन्शनच्या रकान्याला मात्र या ॲडव्हान्सने धक्का लागत नाही. नाव दुरुस्त झाल्यावर वारसाची ई-नोंदणीही त्याच बैठकीत करून घ्यावी, कारण वारसाच्या नावाचे स्पेलिंग आधारशी जुळते की नाही ते तेव्हाच समोर दिसते.